निर्गमाचा तिसावा अध्याय नाकाने वाचताना: ऊद, हिराबोळ आणि सुगंधी तेलं घरी ओळखण्याची रीत

बाळंतिणीला देतात तो हिराबोळ आणि पूर्वेकडच्या मागी म्हणजे ज्ञानी लोकांनी बेथलेहेमला बाळ येशूसाठी नेलेला गंधरस हे एकच द्रव्य आहे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ‘सोने, ऊद व गंधरस’ मी नुसतं म्हणत आले होते. एका दुपारी हिराबोळाचा वाटाण्याएवढा खडा निखाऱ्यावर ठेवला आणि त्याच्या कडवट, जड धुरात बसून तेच वचन पुन्हा वाचलं. त्यानंतर आमच्या वाचनमंडळात मी बायबलातल्या निर्गम या पुस्तकाचा तिसावा अध्याय कधीही वासाशिवाय शिकवलेला नाही.

प्राचीन इस्राएलात सुगंध म्हणजे खोलीत दरवळणारी प्रसन्नता एवढंच नव्हतं. ते मोजायचं, कुटायचं, राखायचं आणि जपायचं काम होतं, आणि त्यातला बराचसा माल हजारो मैलांवरून उंटाच्या पाठीवर येत असे. ते काम थोडं आपल्या हातांनी केलं की ग्रंथातली वाक्यं वेगळी ऐकू येतात. त्यासाठी एक मोकळी दुपार, एक धुपाटणं आणि काष्ठौषधीच्या दुकानात एक फेरी पुरते.

सुरुवातीलाच एक मर्यादा

निर्गम ३० मध्ये दोन कृती आहेत. पहिली अभिषेकाच्या तेलाची (२२ ते २५), दुसरी धूपाची (३४, ३५). दोन्हींच्या पाठोपाठ स्पष्ट मनाई आहे: असं मिश्रण स्वतःसाठी बनवू नये, जो वास घेण्यासाठी बनवील त्याला आपल्या लोकांतून काढून टाकावं. ज्यू समाज ही मनाई आजही गांभीर्याने पाळतो. आंतरजालावर ‘मंदिरातला धूप घरी बनवा’ (मंदिर म्हणजे प्राचीन जेरुसलेममधलं) अशा कृती सापडतात. त्या करू नका. आपण एका वेळी एकच द्रव्य घेणार आहोत. मर्यादा पाळली जाते हे आहेच, शिवाय अभ्यासालाही हीच रीत बरी. मिश्रणात नाक हरवतं, एकेक घेतलं की ओळख पक्की होते.

नावांचा गुंता आधी सोडवा

या दोन कृतींतल्या द्रव्यांच्या नावांत सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून इथे वेळ घाला.

मत्तयातला ऊद हिब्रूत ‘लेव्होना’, अरबीत ‘लुबान’. दोन्हींच्या मुळाशी ‘पांढरा’ हा अर्थ आहे, कारण झाडाच्या सालीला चीर दिली की दुधासारखा पांढरा चीक येतो आणि काही दिवसांत त्याचे अश्रूसारखे खडे बनतात. हे झाड बोस्वेलिया जातीचं. ओमानचा धोफार, येमेन आणि सोमालिया ही त्याची घरं. मराठी बायबलात मत्तयाच्या वचनात त्याला ‘ऊद’ म्हटलंय. पण मुंबईच्या अत्तरवाल्याकडे ऊद मागितलात तर तो अगरूचं तेल काढून ठेवतो, आणि ते झाडच निराळं. लोबान मागितलंत तर बहुतेक ठिकाणी सुमात्राकडून येणारं, व्हॅनिलासारखा गोड वास असलेलं राळेचं ढेकूळ मिळतं. अरब व्यापाऱ्यांनी त्या मालाला ‘लुबान जावी’ म्हणजे जावा बेटांकडचा लुबान म्हटलं आणि नाव चिकटलं. पहिल्या वेळी मीही तेच घेऊन आले होते. आठ जणांसमोर ‘हाच तो मंदिरातला वास’ असं सांगितलं, आणि तो नव्हता. पुढच्या बैठकीत सगळ्यांना नवा खडा हुंगायला देऊन चूक दुरुस्त केली.

अरबी माल मिळाला नाही तर सालईचा डिंक घ्या. सालई हे बोस्वेलियाचंच भारतीय भावंड. सातपुडा आणि मेळघाटाच्या कोरड्या उतारांवर ते वाढतं. आयुर्वेदात शल्लकी म्हणतात ते हेच. वास हुबेहूब सारखा नाही, पण घराणं एक आहे.

हिब्रूतला ‘मोर’ म्हणजे गंधरस, म्हणजे हिराबोळ. इथे एक काळजी घ्या: काळा बोळ वेगळा. तो कोरफडीचा सुकवलेला रस असतो आणि निखाऱ्यावर त्याचा काहीच उपयोग नाही. पुडी घेताना ‘हिराबोळ’ असंच म्हणा.

‘हेल्बना’ हा इराणकडच्या एका झुडपाचा चीक. ते झुडूप आपल्या हिंगाच्या जातकुळीतलं. आपल्या बाजारात तो सहसा मिळत नाही. त्याच्याऐवजी कोणी गंधाबिरोजा पुढे केला तर घेऊ नका. तो चीड वृक्षाचा डिंक.

‘शहेलेत’ला ताल्मुदात, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) चर्चांच्या जुन्या ग्रंथात, ‘त्सिपोरेन’ म्हटलंय, म्हणजे नख. मराठीत एका सुगंधी द्रव्याचं नावही नखला किंवा नखी. समुद्रातल्या शंखाच्या तोंडावरचं ते नखासारखं झाकण. दोन दूरच्या भाषांनी एकाच वस्तूला नखाचं नाव द्यावं याचा मला फार आनंद होतो. मात्र शंखाचा प्राणी धर्मशास्त्राप्रमाणे अशुद्ध ठरतो, तेव्हा त्याचं झाकण पवित्र धूपात कसं चालेल, यावर जुना वाद आहे आणि काही जण शहेलेत ही वनस्पतीच मानतात.

‘नाताफ’ म्हणजे ठिबकणारा; रब्बी त्यालाच ‘त्सोरी’ म्हणत. तो नेमका कोणत्या झाडाचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दुसऱ्या शतकातले रब्बी शिमोन बेन गमलिएल यांनी ‘त्सोरी म्हणजे कताफच्या झाडांतून ठिबकणारा चीक’ एवढंच सांगून ठेवलंय. अभिषेकाच्या तेलातल्या ‘कने बोसेम’चंही तसंच: कोणी वेखंड म्हणतं, कोणी गवती चहाच्या जातीतलं सुगंधी गवत. ही दोन नावं मंडळात मोकळी ठेवा, ओढून बसवू नका.

खरेदी आणि पारख

हिराबोळ, सालईचा डिंक किंवा अरबी लुबान, दालचिनीच्या काड्या, नखल्याचे दोन तुकडे, हिंगाचा खडा आणि थोडी जटामांसी. डिंकाचं प्रत्येकी पंचवीस ग्रॅमही पुष्कळ होतं. जटामांसी मात्र चिमूटभरच घ्या. हिमालयात तिची बेसुमार काढणी झाली आहे आणि हुंगायला एक मुळी पुरते. रब्बींनी दिलेल्या धूपाच्या यादीतलं (ती पुढे येते) ‘कोश्त’ म्हणजे आपलं कोष्ठ किंवा उपळेट. तेही हिमालयातलं आणि संकटातलं. ते विकत न घेता नुसतं नाव सांगितलं तरी चालेल.

पूड कधीच घेऊ नका, खडेच घ्या. पुडीत काय मिसळलंय ते नाकाला कळत नाही.

खडा घरी आणल्यावर तळहातावर घेऊन नीट बघा. चांगल्या ऊदाचा खडा फिकट पिवळसर, उजेडात धरला तर अर्धवट पारदर्शक, वरून पांढरट भुकटी लागलेला. नखाने खरवडला की लिंबाच्या सालीसारखा आणि मागून चिडाच्या लाकडासारखा वास. हिराबोळ लालसर तपकिरी, ओबडधोबड. फोडला की आतला भाग किंचित तेलकट चमकतो. गोड व्हॅनिलाचा वास आला तर तुमच्या हातात जावी लोबान आहे. निखाऱ्यावर काळा, काजळी धरणारा धूर निघाला तर त्यात स्वस्त राळ मिसळली आहे.

कुटायचं असेल तर खडे आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर खलबत्त्याला चिकटून बसतात. आणि कुटताना एकाने लयीत बोलत राहावं. ताल्मुदात सांगितलंय की मंदिरातला धूप कुटताना देखरेख करणारा ‘हादेक हेतेव, हेतेव हादेक’ म्हणत असे: बारीक कर नीट, नीट कर बारीक. आवाज सुगंधी द्रव्यांना मानवतो, असं त्याचं कारण दिलंय. आमच्या मंडळात हे करायला सुरुवातीला सगळे लाजले. मग पाच मिनिटांत खलबत्त्याचा ठेका आणि शब्द एकमेकांत बसले.

निखारा: सगळं इथे ठरतं

बहुतेक लोक खडा थेट लालभडक कोळशावर टाकतात. अर्ध्या मिनिटात तो करपतो, डोळे चुरचुरतात, आणि ‘याला सुगंध कसा म्हणायचे’ असा प्रश्न येतो. उष्णता आवरणं हीच या कामातली खरी विद्या.

करवंटीचे निखारे उत्तम. गोल वडीचा, झटकन पेटणारा कोळसा वापरत असाल तर त्यातल्या पेटवणाचा वास पूर्ण जाऊ द्या आणि वर सगळीकडे राखाडी राख चढेपर्यंत थांबा. धुपाटण्यात तळाला दोन बोटं राख किंवा वाळू, तिच्यावर निखारा, निखाऱ्यावर पुन्हा चिमूटभर राखेचा थर, आणि त्या थरावर खडा. वाटाण्याएवढाच. आता खडा जळणार नाही, वितळेल. आधी कडा चकाकतात, मग बुडबुडे येतात, पांढरा धूर सरळ उठायला लागतो. पहिल्या मिनिटातला वास सर्वांत ताजा, लिंबासारखा. नंतर तो खाली उतरतो, लाकडासारखा होतो. करपल्याचा वास येण्याआधी उरलेला काळा गोळा चिमट्याने काढून टाका.

इस्राएलच्या नेगेव भागातल्या तेल अराद इथे यहूदाच्या राज्यातलं एक छोटं पूजास्थान सापडलं आहे, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातलं. त्याच्या गर्भगृहाच्या दाराशी चुनखडीच्या दोन वेदी होत्या आणि दोन्हींच्या माथ्यावर जळक्या पदार्थाचा थर तसाच राहिला होता. २०२० मध्ये त्याच्या रासायनिक तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोठ्या वेदीवर ऊद होता आणि त्यात प्राण्याची चरबी मिसळलेली होती. लहान वेदीवर गांजा, शेणात मिसळलेला. अभ्यासकांनी याचा अर्थ उष्णतेशी जोडला: ऊदाला जास्त आच लागते म्हणून चरबी, गांजाला मंद धुमसणं लागतं म्हणून शेण. गोवरीवर धूप घालणाऱ्या आपल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. निर्गमातल्या धूपाच्या कृतीत चरबी नाही आणि गांजाही नाही. म्हणजे ग्रंथातली कृती आणि एखाद्या सीमेवरच्या गढीतला प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर होतं. बैठकीत हे जरूर सांगा.

धूर सरळ वर जावा यासाठी मंदिरात ‘मआले आशान’, म्हणजे धूर चढवणारी, नावाची वनस्पती घालत. तिचं गुपित अव्तिनास घराण्याकडे होतं आणि त्यांनी ते कोणाला शिकवलं नाही. आलेक्सांद्रियाहून कारागीर आणवले. त्यांना मिश्रण जमलं, धूर मात्र सरळ उठवता आला नाही. याच घराण्याबद्दल असंही नोंदलंय की त्यांच्या घरातली नवरी कधी सुगंध लावून बाहेर पडत नसे. लोकांनी म्हणू नये की पवित्र धूपातलं काढून वापरलं.

सुरक्षिततेचं थोडक्यात: दोन खिडक्या उघड्या ठेवा, कारण बंद खोलीतला कोळसा जीवघेणा ठरू शकतो. दमा असलेली माणसं, तान्ही बाळं आणि पिंजऱ्यातले पक्षी दुसऱ्या खोलीत. धुपाटण्याखाली फरशी किंवा वीट.

कोणता गंध कोणत्या वचनासोबत

सुरुवात ऊदाने करा आणि लेवीय २ वाचा. सपीठ, तेल आणि वर ऊद, हे अन्नार्पण. याजक मूठभर पीठ घेई, पण ऊद सगळाच वेदीवर जाई. मग लगेच लेवीय ५:११ काढा. गरीब माणसाच्या पापार्पणाच्या पिठावर तेलही नको, ऊदही नको. धूर समोर असताना हे वाचलं की ‘बिनवासाचं अर्पण’ म्हणजे काय ते चटकन उमजतं. त्यानंतर यिर्मया ६:२०: शबाहून आणलेला ऊद माझ्या काय कामाचा, असं देव विचारतो. शबा म्हणजे दक्षिण अरबस्तान. तिथून पेट्रा आणि नेगेव ओलांडून गाझा बंदरापर्यंत हा माल येई. नंतरच्या नबाती या अरब व्यापाऱ्यांच्या काळातली हलुझा, ममशित, अवदत आणि शिव्ता ही त्या वाटेवरची नगरं २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. एवढ्या लांबून, एवढ्या मोलाने आणलेली वस्तू नको म्हणणं किती जड, ते यिर्मयाच्या ओळीत आहे.

खिडकीतून हवा खेळू द्या, दहा मिनिटं थांबा आणि मग हिराबोळ. तो ऊदासारखा वितळत नाही. फुगतो, तडकतो, आणि धूर कडू येतो. यावर दोन वचनं शेजारी ठेवा. गीतरत्न १:१३ मध्ये प्रियकर म्हणजे उराशी बाळगलेली गंधरसाची पुरचुंडी. मार्क १५:२३ मध्ये वधस्तंभापाशी देऊ केलेला, गंधरस मिसळलेला द्राक्षारस. तोच कडवा वास लग्नाच्या रात्री आणि मरणाच्या दारी. योहान १९:३९ मध्ये निकदेम दफनासाठी गंधरस आणि अगरू घेऊन येतो, तेव्हा आमच्याकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.

पुरचुंडीचा प्रयोग सोपा आहे. मलमलच्या चिंधीत हिराबोळाचे दोन-तीन खडे बांधून रात्रभर कपड्यांच्या आत अंगाशी ठेवा. अंगाच्या उबेने सकाळपर्यंत कापडाला मंद वास लागतो. निखारा नसतानाही डिंक बोलतो.

हिंगाचा खडा जाळायचा नाही, नुसता फिरवा. हेल्बना त्याचाच नातलग. वास मात्र गंधकाचा नसून उग्र हिरवा, ढोबळी मिरची किंवा कच्च्या मटाराच्या शेंगेसारखा. ताल्मुद त्याला दुर्गंधी म्हणतो आणि तिथेच थांबत नाही. रब्बी शिमोन हसिदा यांचं म्हणणं: ज्या उपवासात इस्राएलातले पापी सामील नाहीत तो उपवासच नव्हे, कारण हेल्बनाचा वास वाईट असूनही शास्त्राने त्याला धूपाच्या द्रव्यांत गणलंय. माझ्या मते या सगळ्या विषयात याहून सुंदर वाक्य नाही.

नंतरच्या रब्बींनी धूपाची अकरा द्रव्यं मोजून दिली आहेत: त्सोरी, त्सिपोरेन, हेल्बना आणि लेव्होना प्रत्येकी ७० माने (वजनाचं जुनं माप), गंधरस, दालचिनीच्या जातीतली साल, जटामांसी आणि केशर प्रत्येकी १६, कोश्त १२, सुगंधी साल ३ आणि दालचिनी ९. बेरीज ३६८. वर्षाच्या ३६५ दिवसांचे ३६५, आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक ओंजळी भरून नेई त्यासाठी ३. ही बेरीज मुलांकडून फळ्यावर करून घ्या.

जटामांसीची मुळी शेवटी फिरवा. तिचा वास मातकट, ओल्या लाकडासारखा, थोडा घामट. योहान १२:३ मध्ये मरीया येशूच्या पायांना लावते ते तेल हिचंच, आणि त्याची किंमत तीनशे दिनार सांगितली आहे. मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार होता. हिमालयातली ही मुळी बेथानीच्या त्या घरात पोचली होती.

तेल

आधी एक गैरसमज काढून टाका. छोट्या बाटल्यांत मिळणारे ‘इसेन्शियल ऑइल’ वाफेने काढलेले अर्क असतात. निर्गमातलं तेल तसलं नव्हतं. सुगंधी द्रव्य ऑलिव्हच्या तेलात मुरवायचं, हीच रीत.

अभिषेकाच्या तेलात गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, कने बोसेम २५०, दालचिनीच्याच जातीतली साल ५००, आणि तेल एक हीन. यहूदाच्या दगडी वजनांवरून शेकेल साधारण सव्वाअकरा ग्रॅमचा धरतात. म्हणजे द्रव्यं झाली सुमारे १७ किलो, आणि हीन ढोबळमानाने ४ ते ६ लिटर. एवढ्या तेलात एवढी साल भिजणारच नाही. हा प्रश्न रब्बींनाही पडला होता. एक मत, मुळ्या तेलात उकळल्या. त्यावर दुसऱ्याचा आक्षेप, तेवढं तेल मुळ्यांना माखायलाही पुरणार नाही. म्हणून मुळ्या आधी पाण्यात भिजवल्या, वर तेल ओतलं, तेलाने वास ओढून घेतला आणि मग ते निपटून काढलं.

हे करून बघता येतं, एकाच द्रव्याने. दालचिनीच्या चार काड्या वाटीभर गरम पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी वरून चार चमचे तेल ओता, अगदी मंद आचेवर तासभर कोमट ठेवा, गार झाल्यावर वरचं तेल चमच्याने अलगद उचला. तेलाला वास येतो, आणि सालीचा कडवटपणा पाण्यातच राहतो. हे तेल हुंगण्यापुरतंच ठेवा; दालचिनी त्वचेला झोंबते.

अंगाला लावून बघायचं तर हिराबोळाचं करा. १०० मिली ऑलिव्ह तेलात १० ग्रॅम कुटलेला हिराबोळ, वाटी पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर दोन तास. पाणी खळखळू देऊ नका. आठवडाभर झाकून ठेवा, मग मलमलमधून गाळा. डिंकाचा भाग तळाला राहील, तो विरघळत नाही. आधी मनगटावर एक थेंब लावून दिवसभर वाट बघा. गरोदर बाईने हिराबोळ वापरू नये, आणि पोटात घेण्याचा निर्णय वैद्याशिवाय कोणीच घेऊ नये. एस्तेर २:१२ मधल्या मुली सहा महिने असं गंधरसाचं तेल लावत होत्या.

तेल काढणं आणि शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा पाळणं यांची सांगड कोकणाने जवळून पाहिली आहे. रायगडातल्या गावांत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, घाणी चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. शब्बाथ सरताना सुगंध हुंगून आशीर्वाद म्हणायची ज्यू रीत आजही घरोघरी चालू आहे. ओळखीचं बेने इस्राएल कुटुंब असेल आणि त्यांची हरकत नसेल तर एखाद्या शनिवारी संध्याकाळी जाऊन बसा.

उरलेलं ठेवताना

खडे काचेच्या बरणीत, प्रत्येक वेगळा. मंदिरातला धूप उन्हाळ्यात पसरून ठेवत, बुरशी धरू नये म्हणून; पावसाळ्यात ढीग करून, वास उडू नये म्हणून. आपल्या दमट हवेत घट्ट झाकण आणि कोरडं फडताळ बरं. हिराबोळाच्या बरणीवर नाव आणि ‘खाण्यासाठी नाही’ असं लिहा.

तेलाची बाटली गडद काचेची घ्या आणि गाळताना वाटी उघडी टाकून उठू नका. उपदेशक १०:१ मध्ये मेलेल्या माशांनी गांध्याचं, म्हणजे सुगंधी तेल करणाऱ्याचं, तेल नासतं असं म्हटलंय. आमच्या पहिल्या वाटीत तशीच एक माशी पडली होती. आठवडाभर मुरवलेलं ते तेल ओतून द्यावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खलबत्ता काढला.